एका पानाचा गुलाबी ठसा आणि एकतीस महिने

१२ ऑगस्टला पान तोडलं आणि तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये त्या पानावरच्या यीस्टला नाव मिळालं. मधले एकतीस महिने कुठे गेले ते लिहून ठेवतेय. सुरुवात करताना मला कोणी सांगितलं नव्हतं, की हे नवीन आहे असं कळायला दीड महिना पुरतो आणि तसं छापून यायला उरलेलं सगळं आयुष्य लागतंय की काय असं वाटायला लागतं. शोधनिबंध वाचून याचा पत्ता लागत नाही. तिथे सगळं चार-सहा पानांत, कर्मणी प्रयोगात, शिस्तीत उरकलेलं असतं.

आधी दोन खुलासे. आमच्या प्रजातीचं नाव इथे देत नाही. दिलं तर आमची लॅब कोणती हे दोन मिनिटांत कळेल आणि मग खालची गाऱ्हाणी सांगायची चोरी. दुसरं म्हणजे, परिभाषेच्या पुस्तकांत जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, बोलताना मात्र बहुतेक सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी बोलण्यातलंच वापरतेय. जीनसला जीनसच म्हणेन.

तर पान. चांगलं हिरवं, कीड नाही, डाग नाही. पानाच्या पृष्ठभागावर यीस्टचं बऱ्यापैकी गाव वसलेलं असतं. ऊन, कोरडेपणा आणि उपासमार सोसणारी ही मंडळी. त्यातली बरीच बेसिडिओमायसीट गटातली (अळिंब्या ज्यात येतात तो बुरशींचा गट), आणि अनेक जण कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे गुलाबी नाहीतर केशरी. त्यांना पकडायच्या दोन पद्धती मी वापरल्या. पहिली पान सलाइनमध्ये हलवून ते पाणी प्लेटवर पसरायची. ती माझ्या बाबतीत वाया गेली, कारण ऑरिओबॅसिडियम पुलुलन्स नावाच्या बुरशीने, या आगंतुकाने, आठवड्यात सगळ्या प्लेटा काळ्याकुट्ट करून टाकल्या. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलं की बॅक्टेरिया थांबतात, हा थांबत नाही.

दुसरी पद्धत जुनी आणि देखणी आहे. पानाचा तुकडा व्हॅसलीनच्या ठिपक्याने पेट्रीडिशच्या झाकणाला आतून चिकटवायचा आणि खाली अगार (यीस्ट वाढवायची जेली). पान अगारला टेकत नाही. पाचव्या दिवशी सकाळी झाकण न उघडता प्लेट उजेडाकडे धरली, तर अगारवर त्या तुकड्याची आकृती उमटलेली. कडेचे दोन दाते ओळखू येत होते. मधली शीर जिथे होती तिथे रिकामी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढ्या गुलाबी कॉलन्यांची दाटी. या गटातली यीस्ट स्वतःचे बीजाणू अक्षरशः उडवतात: बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा थेंब जमतो, तो बाजूच्या ओलाव्यात मिसळला की धक्का बसतो आणि बीजाणू सुटतो. मिलिमीटरचाही काही अंशच, पण पानापासून दूर व्हायला तेवढं बास. खाली पडले की पानाचा आरसा तयार. म्हणूनच यांना आरसा-यीस्ट म्हणायचे. १९२४ साली क्लुय्व्हर आणि व्हॅन नील यांनी अशांसाठी स्पोरोबोलोमायसेस हा जीनस केला होता.

त्या दिवशी मी एक काम बरोबर केलं आणि एक चुकवलं. बरोबर हे, की एकेक कॉलनी वेगळी काढून पहिल्या आठवड्यातच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर टाकली. याचा पुढे किती उपयोग झाला ते येईलच. चुकलं हे, की पानाचा फोटो, झाडाची फांदी, अक्षांश-रेखांश यांपैकी काहीही नोंदवलं नाही. वहीत फक्त "झुडूप ३, खालचं पान". नव्या प्रजातीच्या वर्णनात नमुना कुठला, कशावरचा, कधीचा, हे सगळं लिहावं लागतं. मला परत जाऊन तेच झुडूप शोधावं लागलं, फांदी दाबून वाळवावी लागली आणि वनस्पतीशास्त्रातल्या मैत्रिणीकडून ओळखून घ्यावी लागली. तोडायच्या आधी फोटो काढा, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

परवानगीचंही तसंच. पान ज्या देशातलं, त्या देशाचा जैवविविधतेचा कायदा लागू होतो. नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार २०१४ पासून अमलात आल्यावर तर कल्चर कलेक्शनही (सूक्ष्मजीव जपणारी संग्रहालयं) ठेव स्वीकारताना ती कागदपत्रं मागतात. आमच्याकडे लॅबची एक सर्वसाधारण परवानगी होती म्हणून वाचलो. पान आधी आणि अर्ज मागून असा क्रम झाला असता, तर सगळं तिथेच अडकलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटी डीएनएचा सीक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, आला. यीस्टसाठी ठरलेली सुरुवात म्हणजे मोठ्या राइबोसोमल जीनचा डी१/डी२ भाग, साधारण सहाशे अक्षरांचा, एनएल-१ आणि एनएल-४ प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारे छोटे तुकडे) वापरून. सोबत त्याच्या शेजारचा आयटीएस हा भाग. ब्लास्ट केलं, म्हणजे जेनबँक या सार्वजनिक साठ्यात जुळणारे सीक्वेन्स शोधले. सर्वांत जवळच्या नाव असलेल्या प्रजातीपासून डी१/डी२ मध्ये ११ ठिकाणी फरक, आयटीएसमध्ये त्याहून बराच जास्त.

१९९८ साली कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी सुमारे ५०० ॲस्कोमायसीट (बुरशींचा दुसरा मोठा गट) यीस्टची तुलना करून एक अंदाज दिला: या भागात एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर बहुधा प्रजाती वेगळी. आमचा फरक जवळपास दोन टक्के. मी धावतच सरांकडे गेले. सरांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान. आता ग्लिसरॉलमधून काढून पुन्हा कर. आणि तो एक टक्का ॲस्कोमायसीटचा आहे, तुझं यीस्ट त्यातलं नाही. बेसिडिओमायसीटमध्ये आयटीएस बघितल्याशिवाय बोलू नये."

पुन्हा केलं तर क्रोमॅटोग्राममध्ये (सीक्वेन्सच्या आलेखात) एका जागी दोन-दोन शिखरं. कल्चर, म्हणजे वाढवलेलं यीस्ट, मिश्र होतं. दोन्ही गुलाबी, दोन्ही गुळगुळीत, डोळ्यांना फरक शून्य. तीन वेळा स्ट्रीक करून (प्लेटवर रेघा ओढत विरळ पसरून) एकेका पेशीपासूनच्या कॉलन्या घेतल्या, सहा कॉलन्यांचे सीक्वेन्स केले; चार आमच्या, दोन ओळखीच्या जुन्याच प्रजातीच्या. पहिल्या वेळी योग्य कॉलनी उचलली गेली हे निव्वळ नशीब. सीक्वेन्सिंगचा खर्च प्रतिक्रियेमागे असतो, त्यामुळे हे नशीब तपासायची किंमत पहिल्या सीक्वेन्सच्या सहापट पडली.

आणखी एक. ब्लास्टच्या यादीत वरचं नाव म्हणजे ओळख नव्हे. जेनबँकेत कोणीही कोणतंही नाव लावून सीक्वेन्स टाकू शकतं. तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे ज्यावरून प्रजातीला नाव दिलं त्या मूळ कल्चरशीच, करायची. शिवाय २०१५ साली या गटाची मोठी फेररचना झाली, क्रिप्टोकॉकस आणि रोडोटोरुला हे अगडबंब जीनस फोडून अनेक छोटे झाले, त्यामुळे जुन्या निबंधातलं नाव आज भलत्याच जीनसमध्ये सापडतं. मी दोन आठवडे एका प्रजातीला दोन प्रजाती समजून तक्ते भरत होते.

यापुढचा काळ सगळ्यांत वाईट. आमच्याकडे स्ट्रेन, म्हणजे निसर्गातून वेगळा काढलेला वाण, एकच होता. नियम असा नाही, की एका स्ट्रेनवर वर्णन करताच येत नाही. पुष्कळ प्रजाती तशाच वर्णिलेल्या आहेत. पण एकाच स्ट्रेनवरून प्रजातीत किती फरक चालतो ते कळत नाही, आणि परीक्षकांना ते आवडत नाही. सरांनी तर स्पष्टच सांगितलं, "दुसरा मिळेपर्यंत लिहायला बसू नकोस." नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी त्याच झुडपाची आणि आजूबाजूच्या झुडपांची पानं आणत राहिले. शंभराच्या वर प्लेटा. गुलाबी ठसे भरपूर, आमचा एकही नाही. लॅबमधले लोक विचारायचे, "मिळाला का तुझा हरवलेला भाऊ?" पहिले दोन आठवडे हसू यायचं.

जानेवारीत ब्लास्ट पुन्हा चालवलं (हे दर महिन्याला करावं, रोज नवे सीक्वेन्स येत असतात) आणि पोटात गोळा आला. आमच्याशी शंभर टक्के जुळणारा एक सीक्वेन्स. नाव नाही, फक्त जीनस आणि पुढे "एसपी." दुसऱ्या देशातल्या लॅबने टाकलेला. आता हे लोक उद्या वर्णन छापणार आणि आपलं काम गेलं, या विचारात दोन रात्री झोप नाही. सरांना मात्र आनंद झाला होता. "अगं, हाच तर दुसरा स्ट्रेन! पत्र लिही त्यांना."

लिहिलं. पाच आठवडे उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्यात आमचे आकडे मोकळेपणाने दिले आणि सहलेखक व्हाल का असं विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर: त्यांच्याकडे तो स्ट्रेन चार वर्षं फ्रीझरमध्ये पडून होता, कारण त्यांच्याकडेही एकच होता! मग साहित्य हस्तांतराचा करार, दोन्हीकडच्या प्रशासनाच्या सह्या, आयातीचा परवाना, जैवसुरक्षा समितीची मंजुरी. करारातल्या एका वाक्यावर दोन्ही कायदा विभाग सात आठवडे भांडले. ते वाक्य नफ्याच्या वाटणीबद्दल होतं. नफा! शेवटी जूनमध्ये दोन स्लँट (तिरप्या अगारच्या नळ्या) आले, तेही कस्टममध्ये १९ दिवस काढून. एक सुकला होता, दुसऱ्यावर फिकट गुलाबी रेघ शिल्लक होती आणि तीन दिवसांत ती टवटवीत झाली. सबंध प्रकल्पात सर्वांत महाग पडलं ते हे कुरिअर. म्हणून सांगते, नेहमी दोन नळ्या मागवा आणि शक्य असल्यास लायोफिलाइझ केलेली (गोठवून सुकवलेली) कुपी मागा.

गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये, पहिल्या पानाला वर्ष होत असताना, त्याच झुडपावर मला आमचा स्वतःचा दुसरा स्ट्रेनही मिळाला. दोन्ही वेळा ऑगस्टच. हे निबंधात एका ओळीत आलंय, त्यामागचा वैताग आलेला नाही. हा पहिल्याचाच क्लोन नव्हे हे दाखवायला एम-१३ प्रायमरने डीएनएचे ठसे काढले. पट्ट्या वेगळ्या आल्या.

सप्टेंबरपासून शरीरक्रियेच्या चाचण्या. सीक्वेन्सच्या जमान्यात याची काय गरज, असं मलाही वाटायचं. पण वर्णन म्हणजे तो जीव काय करतो हेही आलंच. कोणती साखर आंबवतो (आमचा एकही नाही, वायू पकडणाऱ्या डरहॅम नळ्यांत एक बुडबुडा नाही), कोणता कार्बन स्रोत वापरतो, नायट्रेट चालतं का, व्हिटॅमिनविना वाढतो का, ५० टक्के ग्लुकोज सोसतो का, सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीनाशक सोसतो का. डायझोनियम ब्लू बी हे रसायन टाकल्यावर कॉलनी गडद लाल झाली, म्हणजे बेसिडिओमायसीट हे रंगानेही कबूल केलं. तीन स्ट्रेन, तीसेक कार्बन स्रोत, प्रत्येकी तीन नळ्या, आणि रीडिंग चार आठवडे.

रीडिंग कसं घेतात हे पाहिल्याशिवाय पटत नाही. पांढऱ्या कार्डावर पाऊण मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, तिला विकरहॅम कार्ड म्हणतात. नळी हलवून कार्डापुढे धरायची. रेघा साफ दिसेनाशा झाल्या तर तीन अधिक, धूसर पट्टे दिसले तर दोन, रेघा दिसतात पण कडा पुसट तर एक, आणि लख्ख दिसल्या तर उणे. बस, एवढंच यंत्र. दुपारी तीननंतर डोळे थकले की सगळंच "दोन अधिक" वाटायला लागतं, म्हणून मी सकाळीच घ्यायचे आणि नळ्यांवरची नावं झाकून घ्यायचे. नावं दिसत असली की मन हवं ते वाचतं.

पहिल्या फेरीत रॅफिनोज या साखरेच्या सगळ्या नळ्या अधिक आल्या. अगदी कार्बन न घातलेली कंट्रोल नळीसुद्धा. म्हणजे पेशी आधी उपाशी ठेवल्याच नव्हत्या. आधीच्या माध्यमाची शिदोरी घेऊन आल्या होत्या. कंट्रोल चुकली म्हणजे ती सबंध तुकडी बाद. पाच आठवडे गेले. मी बाहेर जिन्यात बसून रडले, मग आत येऊन नळ्या धुतल्या. दुसऱ्या फेरीत नळीत पेरायच्या पेशी दोनदा धुवून, कार्बनविना माध्यमात ठेवून मगच घातल्या.

डिसेंबरपर्यंत तक्ता भरला आणि फोटो काढायची वेळ आली. आरशाची प्लेट लावली, पाच दिवस थांबले. काही नाही. दहा दिवस थांबले. अगार कोरंच. सव्वा वर्ष स्लँटवरून स्लँटवर नेता नेता स्ट्रेनने बीजाणू उडवणं सोडून दिलं होतं. या मंडळींचं हे जुनं दुखणं आहे, लॅबमध्ये आयतं खायला मिळालं की खटाटोप बंद. तेव्हा पहिल्या आठवड्यातली ती ग्लिसरॉलची नळी कामी आली. तिच्यातून काढलेल्या कल्चरने चौथ्या दिवशी ठसा दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाच्या आकाराचे बीजाणू दिसले. लैंगिक अवस्था शोधायला तिन्ही स्ट्रेन एकमेकांत मिसळून कॉर्नमील अगारवर दोन महिने थंडीत ठेवले. काही दिसलं नाही. "पाहिलं, आढळलं नाही" असं सरळ लिहिलं. ते लिहिणंही वर्णनाचा भागच आहे.

मार्चमध्ये कल्चर कलेक्शनकडे ठेवी पाठवल्या. आमच्या नियतकालिकाची अट होती, दोन वेगवेगळ्या देशांतली दोन सार्वजनिक संग्रहालयं. सार्वजनिक ठेवीला शुल्क पडलं नाही, मात्र अर्ज दहा पानी. ते लोक स्ट्रेन स्वतः वाढवून, सीक्वेन्स करून खात्री करतात, मगच क्रमांक देतात. एकाचा सहा आठवड्यांत आला, दुसऱ्याचा साडेचार महिन्यांनी. मधे दोनदा आठवण केली, दोनदा "प्रक्रियेत आहे" असं उत्तर आलं. लेख तयार असो वा नसो, ठेव आधी पाठवा, कारण क्रमांकाशिवाय लेख जात नाही.

आता सगळ्यांत रुक्ष पण सगळ्यांत घातक भाग: होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो एकमेव नमुना. बुरशींच्या नामकरणाचे नियम वनस्पतींच्याच संहितेत येतात, आणि त्यानुसार जिवंत, वाढतं कल्चर टाइप होऊ शकत नाही. ते चयापचय थांबलेल्या अवस्थेत, म्हणजे गोठवून किंवा लायोफिलाइझ करून, कायम जतन केलेलं असावं लागतं. १ जानेवारी २०१९ पासून तसं विधान लेखात स्पष्ट असावं लागतं. आणि होलोटाइप एकाच संग्रहालयातला एकच. आमच्या मसुद्यात दोन्ही संग्रहालयांचे क्रमांक मधे बरोबरचं चिन्ह टाकून "होलोटाइप" म्हणून दिले होते. सहलेखक बाईंनी ते पकडलं. तसंच छापलं असतं तर नाव अवैध ठरलं असतं, आणि या एका चिन्हापायी अवैध ठरलेली यीस्टची नावं कमी नाहीत. योग्य मांडणी अशी: होलोटाइप अमुक संग्रहालयात, अमुक क्रमांक, चयापचय थांबलेल्या अवस्थेत जतन, दुसरीकडचं ते एक्स-टाइप (टाइपपासून वाढवलेलं) कल्चर.

नावावर मी आधीच वर्षभर स्वप्नं रंगवली होती. पहिलं नाव सुचलं ते लॅटिन व्याकरणात नापास झालं. विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं: "-मायसेस" पुल्लिंगी, कँडिडा स्त्रीलिंगी, "-ट्रेमा" नपुंसकलिंगी. "-कोला" म्हणजे "तिथे राहणारा" हा शेवट मात्र बदलत नाही, म्हणूनच बहुधा इतक्या प्रजाती "-कोला" आहेत. आम्हीही तोच आडोसा घेतला. लॅटिनमधलं सबंध वर्णन २०१२ पासून सक्तीचं नाही, इंग्रजी चालतं, हे त्यातल्या त्यात सुख. मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी मोफत आणि अर्ध्या तासाची. २०१३ पासून तो क्रमांक छापल्याशिवाय बुरशीचं नवं नाव वैधच होत नाही.

सप्टेंबरात लेख पाठवला, नोव्हेंबरात परीक्षण आलं. पहिल्या परीक्षकाला आणखी दोन जनुकांवरून काढलेला वंशवृक्ष हवा होता. दुसऱ्याने विचारलं होतं, हे यीस्ट पानावर नेमकं करतं काय? प्रामाणिक उत्तर "माहीत नाही" होतं, तेच जरा सभ्य भाषेत लिहिलं. टीईएफ१ आणि आरपीबी२ ही जनुकं केली. आरपीबी२ चा प्रायमर आमच्या यीस्टवर चालेना, तापमान दोन-दोन अंशांनी उतरवत सतराव्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायच्या प्रयोगाला) पट्टी आली. जानेवारीत सुधारित लेख गेला, फेब्रुवारीत स्वीकृती, मार्चमध्ये ऑनलाइन. त्या दिवशी जेनबँकेला कळवायचं राहून गेलं आणि आमचे सीक्वेन्स आणखी अकरा दिवस कुलपातच राहिले. वाचकांची दोन रागीट पत्रं आली. सीक्वेन्स खुले करायचं काम छपाईच्या तारखेलाच लक्षात ठेवा, आपोआप होईल या भरवशावर राहू नका.

परवा आमच्याकडची नवी ज्युनिअर एक प्लेट घेऊन आली. गुलाबी ठसा, शिरेची रिकामी रेघ, सगळं तसंच. सीक्वेन्स आला तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. तिने ब्लास्टचं बटण दाबलं, यादी उघडली, पहिली ओळ वाचली आणि तोंड पाडून म्हणाली, "ताई, नवीन नाही हो. जुनंच निघालं."